दुपट्ट्याखालचा हात

सुखदेवभाऊंचं एकही भाकीत माझ्या देखत खरं झालं नाही, असं मी म्हटलं की लोक मलाच उलटं विचारतात, मग त्यांच्या दारात एवढ्या गाड्या का उभ्या असायच्या? मी उभा जन्म अकोल्याच्या शाळेत विज्ञान शिकवलं. हवेलाही वजन असतं, एवढं पोरांच्या गळी उतरवायला माझा घसा बसायचा. आणि समोरच्या घरात सुखदेवभाऊ नुसता हात हातात घ्यायचे, की डॉक्टर, कंत्राटदार, आजी-माजी आमदार डोळे पुसत बाहेर पडायचे. मला त्या माणसाचा राग होता. तो अजून आहे, आणि हे लिहिताना तो कमी करायचा माझा विचार नाही.

अकोल्याहून अमरावतीला जाताना मूर्तिजापूरच्या अलीकडे त्यांचा मोठा फलक होता. ‘अंतर्यामी भाऊ’ असं लिहिलेलं आणि खाली त्यांचा हसरा चेहरा. प्रत्यक्षात माणूस ठेंगणा, पोट सुटलेला, पांढरा सदरा आणि खांद्यावर हिरव्या काठाचा दुपट्टा. कपाळाला टिळा नाही, गळ्यात माळ नाही, बोटात अंगठी नाही. मी एकदा विचारलं, इतर बुवांसारखं भगवं का घालत नाही? तर म्हणाले, “भगवं पाह्यलं का लोक पाया पडते अन् निंगून जाते. दुपट्टा पाह्यला का बाजूले येऊन बसते.” धंद्याची अक्कल त्यांच्याकडे होती. ती मी कधीच नाकारली नाही.

पद्धत ठरलेली. समोरच्याला जवळ बसवायचं, त्याचा हात उजव्या हातात घ्यायचा, वरून दुपट्टा टाकायचा आणि डोळे मिटायचे. तो काही सांगू लागला की म्हणायचं, “थांबा, बोलू नका. हात बोलून राह्यला.” मग बराच वेळ शांतता. बाहेर रांगेतलं कोणी खोकलं तरी ऐकू यावं. आणि शेवटी एकच शब्द, वऱ्हाडीत तो-ती-ते सगळ्यांना चालणारा. होते. भेटते. येते. त्याला जोडून मुदत, “दिवाळीच्या आत.” नोकरी दिवाळीच्या आत, मूल दिवाळीच्या आत, कोर्टाचा निकालही दिवाळीच्या आत. कोणत्या दिवाळीच्या, हे मात्र कोणी विचारत नसे.

ही दुपट्ट्याची विद्या हिमालयातून आली असं त्यांचे भक्त सांगत. ती आली होती बैलबाजारातून. भाऊ मुळात बैलांचे दलाल. बाजारात बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत, कारण चारचौघांनी ऐकला तर सौदा फसतो. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात देतात, वर दुपट्टा टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. भाऊंची खुबी अशी, की समोरच्याने बोट दाबायच्या आधीच त्यांना त्याच्या हातावरून कळायचं की हा अडलेला आहे की हावरा आहे, की नुसताच बैलाच्या शिंगांवर भाळलेला आहे. पुढे ट्रॅक्टर आले, बाजार बसला, बैल गेले आणि भाऊंच्या हातात फक्त माणसांचे हात उरले. त्यांनी तोच धंदा पुढे चालू ठेवला.

हे मला कुठून शोधून काढावं लागलं नाही. भाऊंनीच सांगितलं, त्यांच्या ओट्यावर बसून, भुईमुगाच्या शेंगा फोडत. मी समोरून फाटक लावून निघाले की ते हाक मारायचे, “मास्तरीणबाई, या, शेंगा खा.” मी उभ्यानेच भांडायचे. त्यांना ते आवडायचं. म्हणायचे, “तुमी गिऱ्हाईक नाई, म्हनून तुमच्यापाशी खरं बोलता येते. दिवसभर गोड बोलून माहं तोंड आंबते.”

एका निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे असलेले दोन उमेदवार एकाच आठवड्यात त्यांच्याकडे येऊन गेले. दोघांनाही ‘निवडून येता’ म्हणून सांगितलं. एक आलाच, कोणीतरी येणारच होता. त्याच्यासोबतचा फोटो दुसऱ्या दिवशी भिंतीवर लागला. पडलेला उमेदवार तणतणत आला, तेव्हा मी माझ्या खिडकीतच होते. आता तमाशा होणार म्हणून मला खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. भाऊंनी त्याचा हात घेतला, दुपट्टा टाकला आणि म्हणाले, “त्या दिवशीच तुमचा हात थंडा लागला होता, साहेब. पन तुमचं मन मोडायची माही हिंमत झाली नाई.” तो माणूस तिथेच रडला. जाताना त्याच्याकडे जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदाचं नवं भाकीत होतं, दिवाळीच्या आतलं.

मालिकेतली एक नटी अमरावतीत साड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला आली होती. भाऊंनी स्टेजवर तिचा हात धरून तिला हिंदी सिनेमा मिळणार असं जाहीर केलं. महिन्याभरात तिची मालिकाच बंद पडली. पण फोटो राहिला. फोटोत नटी हसते आहे आणि भाऊंचे डोळे मिटलेले आहेत, एवढंच दिसतं.

सेमाडोहच्या जंगलातला किस्सा तर ते स्वतःच रंगवून सांगायचे. एक बडा कंत्राटदार त्यांना वाघ बघायला घेऊन गेला. जीपमध्ये बसण्याआधी भाऊंनी हात धरला आणि म्हणाले, “आज दिसते.” सकाळभर फिरले. सांबर, माकडं, मोर आणि धूळ. कंत्राटदाराचं तोंड पडलं. तेव्हा भाऊ म्हणाले, “साहेब, वाघ तुमाले दिसला नाई, पन वाघाले तुमी दिसले. त्यानं तुमाले पाह्यलं अन् मानलं.” कंत्राटदाराने परत आल्यावर भाऊंच्या अंगणात रांगेसाठी टिनाचं शेड बांधून दिलं. मला हे सांगताना भाऊ इतके हसले की शेंगदाणा घशात अडकला. मीही हसले. त्यांच्याशी भांडताना हसू यायचं, हीच त्यातली वाईट गोष्ट होती.

घरात त्यांची बायको रत्नाबाई. कामसू, अबोल बाई. ती चहा आणायची तेव्हा कप कधी भाऊंच्या हातात द्यायची नाही, स्टुलावर ठेवायची. पैसे, औषधाची गोळी, जेवणाचं ताट, सगळं खाली ठेवायचं आणि हात मागे घ्यायचा. बोटाला बोट लागू द्यायची नाही. लग्नाला एवढी वर्षं झालेल्या बाईने आपल्या नवऱ्यापासून हात लपवावा, हे मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलं नाही.

इथवर मी त्यांना लबाड म्हणत होते. लबाड माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यातली काही आमच्या शाळेच्या संस्थेतही होती. जमनाबाईंच्या प्रकरणानंतर मात्र मला दुसरा शब्द शोधावा लागला आणि तो अजून सापडला नाही.

जमनाबाई पातूरकडच्या. थोड्याशा ओलिताच्या जमिनीत भाजीपाला काढायचा आणि आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर बसून विकायचा. मेथी, पालक, वांगी आणि सांबाराच्या हिरव्यागार जुड्या, ज्याला पुण्याकडे कोथिंबीर म्हणतात. सोबत सून असायची, सुनीता. विशीतली, सावळी, हाताने चपळ. जुडी बांधताना ती बोलायची नाही. जमनाबाईंचा मुलगा विलास ड्रायव्हर होता. तो सुरतेकडे काम बघायला म्हणून गेला आणि परत आला नाही. फोन बंद. पोलिसात तक्रार झाली, नातेवाईक जाऊन शोधून आले, काही हाती लागलं नाही. विलास जाण्याआधीच्या दिवसांत सुनीता उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचं पोलकं घालायची. त्यावरून मी जे समजायचं ते समजले होते.

त्या सुमारास भाऊंचा कार्यक्रम अमरावतीच्या केबलवर लागायचा आणि नंतर मोबाइलवर फिरायचा. चॅनेलवाल्यांना रडणारी आई हवी होती. भाऊंना ती गल्लीच्या कोपऱ्यावरच मिळाली. जमनाबाई नवं लुगडं नेसून गेल्या, सुनीतेलाही नेलं. मी तो भाग घरी बसून पाहिला. भाऊंनी आधी जमनाबाईंचा हात दुपट्ट्याखाली घेतला. मग सुनीतेचा घेतला. तिच्या हातावर ते नेहमीपेक्षा जास्त थांबले. त्यांनी एकदा डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. मग म्हणाले, “जित्ता हाय. येते. दिवाळीच्या आत येते. सूनबाईनं कुकू पुसू नये, घर सोडू नये. तिच्या वाटेनंच तो परत येनार हाय.”

जमनाबाई स्टेजवर भाऊंच्या पायांशी आडव्या झाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुनीता बसून राहिली आणि तिने आपला हात पदरात गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर गेले. त्यांनी शेंगा पुढे केल्या, त्या मी घेतल्या नाहीत. विचारलं, “भाऊ, विलास जिवंत आहे हे तुम्हाला कुठून कळलं?”

“मले काय मालूम तो कुठी हाय ते.”

“मग सांगितलं कशाच्या जोरावर?”

“मास्तरीणबाई, दलाल भाव सांगते. कोठ्यात बैल हाय का नाई, ते पाहाचं काम त्याचं नाई. बुढीचा हात म्हने, येऊ दे. मी म्हटलं, येते.”

“आणि सुनीतेचा हात?”

त्यांनी शेंग फोडली. दाणे तळहातावर चोळून फुंकर मारली. त्यांना सांगायचंच होतं, स्वतःच्या कसबाचा एवढा मोठा नमुना दुसऱ्या कोणाला सांगणार?

“तिचा हात बर्फावानी. मी ‘येते’ म्हटल्याबरोबर निसटाले पाहे. ती पोरगी देवाले मांगून राह्यली का तो येऊच नये. मेला असन तं लयच बरं. मी एवढे हात धरले बाई, पन इतकं सरळ बोलनारा हात नाई पाह्यला.”

“तुम्हाला हे कळलं, आणि तरी तुम्ही तिला घर सोडू नको म्हणालात?”

“दोन हात, दोन भाव. रडनारं गिऱ्हाईक कोन, ते पाहा लागते. टीव्हीवर मायच रडते, सुनेचं कोन पायते?”

मी तिथून उठून आले. त्यांना काय बोलले ते आठवत नाही. फार वाईट बोलले असेन अशी आशा आहे.

ती दिवाळी आली, विलास आला नाही. भाऊंनी सांगितलं, वाटेत ग्रह आडवा आहे. पुढच्या वर्षी त्यांनी तीच चित्रफीत पुन्हा लावली, खाली ‘आई वाट पाहतेय’ असं लिहून. दर दिवाळीला ती लावायचे. अमरावती-अकोल्यात सुनीतेला सगळे ओळखू लागले. भाजी घ्यायला आलेल्या बायका तिच्या कपाळाकडे आधी बघत. तिच्या भावाने पातूरच्या एका बिजवराचं स्थळ आणलं होतं, रोपवाटिका असलेला शांत माणूस. त्याने आधी होकार दिला, मग त्याला कोणीतरी मोबाइलवर तो भाग दाखवला. ज्या बाईचा नवरा परत येणार असं साऱ्या जिल्ह्याने ऐकलंय, तिच्याशी कोण लग्न करणार? त्याने दुसरी केली. पुढे खुद्द सुनीतेचा भाऊच म्हणू लागला, “भाऊनं सांगतलं हाय, उद्या जवाई आला तं आमी तोंड कसं दाखवाचं?”

मी जमनाबाईंना सांगून पाहिलं. सांगितलं की हे बैलबाजारातलं तंत्र आहे, भाऊ स्वतः कबूल करतात, पोरीला मोकळं करा. ठरावीक वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाच्या बायकोला कायदाही मोकळं करतो, हेही सांगितलं. त्यांनी माझ्या पिशवीतली मेथी परत काढून घेतली. “तुमच्या तोंडात माह्या पोराचं मरन काहून येते, बाई? तुमाले लेकरू नाई म्हनून?” त्यानंतर त्यांनी मला भाजी दिली नाही.

सुनीतेला एकटीला गाठून मी भाऊ काय बोलले ते सांगितलं तेव्हा ती वांगी पुसत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, “मले मालूम हाय, मॅडम. त्यानं तवा माहा हात दाबला ना, तवाच मले समजलं का याले समजलं. मले वाटलं, आता हा मले सोडवते. त्यानं डोळे मिटून घेतले.”

एवढंच. मग तिने वांगी मांडली, मोठी वर आणि किडकी खाली.

वर्षं गेली. सुनीतेच्या केसांत कानाजवळ पांढरं आलं. भाऊंच्या दारातल्या गाड्या मात्र वाढत गेल्या. त्यांनी चिखलदऱ्याला एक बंगला घेतला. आयुष्यात एक भाकीत खरं न करता माणूस थंड हवेच्या ठिकाणी पोचू शकतो, हे मी तेव्हा शिकले.

मग एका सकाळी आंघोळीहून येताना भाऊ मोरीच्या दारातच बसले ते बसलेच. लकवा. आदल्या दिवशी त्यांनी दुबईच्या भक्तांना भेटायला येतो म्हणून मोबाइलवर जाहीर केलं होतं. उजवं अंग गेलं. बरेच दिवस दवाखान्यात काढून घरी आले ते चाकाच्या खुर्चीत. तोंड वाकडं झालेलं, बोलणं संपलेलं. उरला होता एक शब्द. पाणी हवं असलं तरी तोच, माश्या बसल्या तरी तोच. “येते.”

मला वाटलं, चला, संपलं. मी माणसांबद्दल नेहमीच जास्त चांगला अंदाज करते. रांग पुन्हा लागली. आता रत्नाबाई खुर्चीमागे उभ्या राहायच्या. तो मेलेला उजवा हात उचलून भक्ताच्या हातावर ठेवायच्या आणि वर दुपट्टा टाकायच्या. भाऊ म्हणायचे, येते. भक्त पाया पडायचा. जन्मभर नवऱ्याच्या हाताला न शिवलेली ती बाई आता दिवसभर तो हात उचलून ठेवत होती, कारण आता तिचं काही ओळखायची त्या हाताला ताकद नव्हती. लोक म्हणायचे, आजारपणानंतर भाऊंची शक्ती वाढली.

जमनाबाई त्याच उन्हाळ्यात गेल्या. शेवटपर्यंत दाराकडे बघत होत्या, असं सुनीता म्हणाली. त्यांच्या दहाव्यानंतर थोड्या दिवसांनी ती माझ्याकडे आली. कपाळावर कुंकू तसंच होतं. म्हणाली, “मॅडम, मले भाऊले भेटाचं हाय. तुमी चाला संग.”

मी गेले. खरं सांगते, ती त्यांच्या मुस्काटात मारेल अशा आशेने गेले.

शेडमध्ये गर्दी होती. सुनीतेने सोबत सांबाराची जुडी आणली होती, ती तिने रत्नाबाईंच्या पायाशी ठेवली आणि खुर्चीसमोर बसली. भाऊंनी तिला ओळखलं. त्यांचा चांगला डोळा तिच्यावर खिळला आणि मग इकडेतिकडे पळू लागला. रत्नाबाईंनी उजवा हात उचलला तशी सुनीता म्हणाली, “तो नाई. मले डावा पायजे.”

“भाऊ उजव्यानं पायते,” रत्नाबाई म्हणाल्या.

“मी पाहीन आज.”

तिने त्यांचा डावा, जिवंत हात आपल्या हातात घेतला आणि त्यांच्याच खांद्यावरचा दुपट्टा ओढून वर टाकला. डोळे मिटले. बाहेर रांगेतलं कोणी खोकलं ते ऐकू आलं. दुपट्टा मधूनच हलत होता. आत त्यांची बोटं तिची बोटं आवळत होती, हे मलाही दिसलं. एवढी घट्ट, की तिच्या दंडाची शीर वर आली. भाऊ काहीतरी बोलायची धडपड करत होते आणि “येते” हा एकच शब्द पुन्हा पुन्हा निघत होता. पण आज तो वेगळा येत होता. विचारल्यासारखा.

सुनीतेने डोळे उघडले.

“येते भाऊ,” ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. “तुमचा हात परत येते. पह्यल्यासारखा. दिवाळीच्या आत.”

भाऊंच्या तोंडाची चांगली बाजू थरथरली आणि ते रडू लागले. आवाज करून, लाळ गळेपर्यंत. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्या माणसाला या धंद्यातला प्रत्येक डाव ठाऊक होता, त्याने तो माल डोळे मिटून घेतला.

फाटकाबाहेर आल्यावर मी तिला विचारलं, “सुनीता, तुला खरंच वाटतं तो हात बरा होईल?”

“मले काय मालूम,” ती म्हणाली. “त्याईच्या बोटात होतं, ते सांगतलं.” आणि पदराने कपाळावरचं कुंकू पुसून ती कोपऱ्यावरच्या तिच्या टोपल्यांकडे गेली.

मी भाऊंना त्यानंतर पुष्कळदा पाहिलं, पण आठवतात ते असेच. दिवाळी उलटून गेलेली आहे. ओट्यावरच्या पणत्या काळ्या पडल्यात. रत्नाबाई आत आहेत, रांग अजून यायची आहे. भाऊ खुर्चीत एकटे बसून डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून दाबतायत आणि वाट बघतायत. मग कोपऱ्याकडे मान वळवतात. सुनीता जुड्यांवर पाणी शिंपडते आहे. तिच्या कपाळावर काही नाही. भाऊ तोंड उघडून तेच विचारतात, “येते?” ती मान वर न करता म्हणते, “येते, भाऊ. दिवाळीच्या आत.”

कोणत्या दिवाळीच्या, हे भाऊंनीही विचारलं नाही.